हवापाणी आणि परळचा बंगला

पावसाळ्यात आमच्या जरीपटक्यात कुणाचे पोट बिघडले, की 'हवा बदलली ना!' हे उत्तर ठरलेले. आपण म्हणतो 'हवापाणी', पण संशय घेतो तो हवेवर. पाणी सुटून जाते. ही सवय किती जुनी आहे, ते मुंबई बेटावरील एका सरकारी बंगल्याच्या इतिहासावरून मुलांना चांगले समजावता येईल.

परळची ही वास्तू मुळात पोर्तुगीज काळातील ख्रिस्ती धर्मगुरूंची. पुढे इंग्रजांनी ती ताब्यात घेतली आणि अठराव्या शतकात ती गव्हर्नरचे निवासस्थान बनली. १८८२ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी येथेच पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, वारल्या. पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज यांच्याच नावाचे. सखल, दमट परळ रोगट मानले जाऊ लागले आणि १८८५ मध्ये गव्हर्नरचा मुक्काम मलबार पॉइंटला कायमचा हलला. आजचे राज्यपालांचे निवासस्थान तेथेच आहे.

मलबार पॉइंटच्या तिन्ही बाजूंना समुद्र. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून गार वारा येतो. त्याने उकाडा कमी होतो, पण पटकी थांबत नाही. पटकीचे जंतू रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात व अन्नात आणि तेथून दुसऱ्याच्या पोटात जातात. लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्येच रोग्यांची घरे नकाशावर मांडून एका पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवले होते. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी या जंतूची ओळख पटवली. तरीही 'दूषित हवे'ची कल्पना सहजासहजी सुटली नाही.

परळच्या बंगल्याचे पुढे काय झाले? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी उष्णतेने मारलेल्या प्लेगच्या जंतूंपासून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा याच बंगल्यात आली. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. ज्या घरातून रोगाच्या भीतीने माणसे गेली, तेथेच रोगाचा शोध सुरू झाला!

वर्गात एक उपक्रम करून पाहा. आपल्या वस्तीचा नकाशा मुलांकडून काढून घ्या. त्यात घरे, विहिरी, नळ, हातपंप आणि गटारे दाखवू द्या. मग विचारा : येथे पटकी आली, तर पहिला संशय कशावर घ्याल, आणि तो खरा की खोटा हे कसे तपासाल?