मशीन पोलादी, कुलूप मेणाचं!

कारखान्याच्या गेटवर वॉचमन, स्टोअरला कुलूप, कॅन्टीनला कूपन! पण कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनच्या पाठीत खोचलेल्या लॅन वायरीचं काय? चला, शॉपफ्लोअरवर एक चक्कर मारू. सेफ्टी शूज घातले ना?

माहीत आहे का? १९५२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने न्यूमेरिकल कंट्रोलचं मिलिंग मशीन जगाला दाखवलं, तेव्हा प्रोग्रॅम असायचा भोकं पाडलेल्या पट्टीवर. हॅकरची भीती शून्य. कागदाला लागलीच तर वाळवी!

मशीनमशीनमधली बोली ‘मॉडबस’ जन्मली १९७९ मध्ये. मूळ मॉडबसमध्ये पासवर्डची सोयच नाही! हुकूम कुणी सोडला हे न विचारता मशीन तो पाळतं. ही बोली आजही कारखान्यांत धडधडीत चालू आहे.

आता या कथेचा सुपरस्टार व्हिलन: स्टक्सनेट नावाचा कॉम्प्युटर वर्म! २०१० मध्ये उघडकीला आला. निशाणा इराणच्या नतांझमधले युरेनियम सेंट्रिफ्यूज. इंटरनेटपासून तोडलेल्या यंत्रणेत शिरायला पेन ड्राइव्ह पुरेसा होता. १०६४ हर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या सेंट्रिफ्यूजच्या मोटरला तो आधी १४१० वर पळवायचा, पुढे कधीतरी थेट २ वर आणायचा. आणि ऑपरेटरच्या स्क्रीनवर? आधी टिपून ठेवलेले जुने, नॉर्मल आकडे! खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात थरारक भाग हाच: बिघाड डोळ्यांसमोर, आणि डोळ्यांना पत्ताच नाही.

ऑगस्ट २०१८, तैवान. चिपसम्राट टीएसएमसीने नवंकोरं मशीन आणलं आणि व्हायरस स्कॅन न करताच नेटवर्कला जोडलं. वॉनाक्राय व्हायरसचा एक भाऊबंद आत! त्यावरचा पॅच वर्षभर आधीच आलेला होता. गृहप्रवेश झाला, उंबऱ्यावर तपासणी तेवढी राहिली.

मार्च २०२२, जपान. हल्ला झाला होता सुटे भाग पुरवणाऱ्या कोजिमावर, आणि एका दिवसासाठी थांबले टोयोटाचे १४ कारखाने! सुमारे १३,००० गाड्या लांबल्या. छोट्या व्हेंडरला ‘छोटा’ म्हणाल पुन्हा?

घरच्या जवळचं उदाहरण हवं? मुंबईच्या टाटा समूहाची ब्रिटनमधली जग्वार लँड रोव्हर. सायबर हल्ल्यानंतर सप्टेंबर २०२५ पासून महिनाभराहून जास्त काळ उत्पादन ठप्प!

मग उपाय? ‘डेटा डायोड’ नावाची भन्नाट चीज आहे. एका टोकाला प्रकाश पाठवणारा ट्रान्समीटर, दुसऱ्या टोकाला नुसता रिसीव्हर. माहिती बाहेर जाते, आत यायला रस्ताच नाही. पहारेकरी कोण? खुद्द फिजिक्स!

आणि जुन्या मशीनला जोडलेलं विंडोज एक्सपी? मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच बंद केला. मशीन वीस-वीस वर्षं टिकतं, कॉम्प्युटर तितका टिकत नाही. टूल बदलायला ऑटोमॅटिक चेंजर आहे, पासवर्ड मात्र हातानेच बदलावा लागतो!

उद्या शिफ्टला गेलात की एवढं करा: मशिनच्या मागच्या त्या लॅन वायरीचा हाताने माग काढत शेवटपर्यंत जा. ती ऑफिसच्या वायफाय राउटरमध्ये घुसलेली दिसली, तर त्याच दिवशी वेगळं नेटवर्क मागा.