विश्लेषण : गाडीचे स्पार्क प्लग घरच्या घरी बदलता येतात का? काय काळजी घ्यावी?

सकाळी गाडी चटकन सुरू होत नाही, सिग्नलला उभी असताना इंजिन थरथरते, चढावर पिकअप मिळत नाही. पेट्रोल किंवा सीएनजीच्या गाडीत ही लक्षणे दिसली की पहिला संशय स्पार्क प्लगवर जातो. तीन-चार सिलिंडरच्या साध्या इंजिनात प्लग बदलण्याचे काम तासाभरात घरी होऊ शकते. मात्र हा स्वस्तातला प्लग बसवताना हात चुकला, तर थेट इंजिनच्या हेडचे नुकसान होते.

स्पार्क प्लग नेमके काय करतो?

बॅटरीचा १२ व्होल्टचा दाब इग्निशन कॉइल हजारो व्होल्टपर्यंत वाढवते. त्यामुळे प्लगच्या टोकाशी असलेल्या साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी फटीत ठिणगी पडते आणि सिलिंडरमधील इंधन-हवेचे मिश्रण पेटते. इंजिन ३,००० आरपीएमवर फिरत असेल तर एक प्लग मिनिटाला सुमारे १,५०० वेळा ठिणगी टाकतो. कालांतराने टोक झिजते, फट रुंदावते आणि ठिणगी चुकू लागते. यालाच गाडी ‘मिसिंग’ मारते असे म्हणतात.

दुर्लक्ष केल्यास काय होते?

ॲव्हरेज घटते, पण धोका त्याहून मोठा आहे. न जळलेले इंधन एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते. तो अति तापून निकामी होऊ शकतो. हा भाग प्लगच्या पूर्ण संचापेक्षा कित्येक पट महाग असतो. त्यामुळे ‘चेक इंजिन’चा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच पळवत राहू नये.

प्लग कधी बदलावेत?

साधे निकेलचे प्लग साधारण ३० ते ४० हजार किलोमीटर चालतात. इरिडियम किंवा प्लॅटिनमचे प्लग एक लाख किलोमीटरपर्यंत टिकू शकतात. निकेल १,४५५ अंश सेल्सिअसला वितळते, तर इरिडियम २,४४६ अंशांना. ते कठीणही असल्याने हळू झिजते. सीएनजीचे मिश्रण पेटवायला जास्त व्होल्टेज लागते. त्यामुळे या गाड्यांत प्लग लवकर तपासावे लागतात. अंतिम आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच मानावा. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतात.

कोणती तयारी हवी?

मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमांकाचेच प्लग घ्यावेत. आट्यांची लांबी चुकली तर प्लग पिस्टनला लागू शकतो. प्लगचा सॉकेट पाना (बहुधा १६ किंवा २१ मिलिमीटरचा), एक्स्टेन्शन, कॉइलच्या बोल्टसाठी छोटा सॉकेट आणि शक्यतो टॉर्क पाना जवळ असावा.

काम कसे करावे?

इंजिन पूर्ण थंड हवे. गरम हेडमधून प्लग काढताना आटे खराब होण्याची भीती असते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. एका वेळी एकाच सिलिंडरचे काम करावे. कॉइलच्या कनेक्टरचे लॉक दाबून तो सोडवावा, बोल्ट काढावा आणि कॉइल हलकेच फिरवून वर ओढावी. प्लग सोडवण्याआधी खळग्यातली धूळ हवेने उडवावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते.

हात नेमका कुठे चुकतो?

प्लग पोलादी असतो, तर बहुतेक गाड्यांचे हेड मऊ ॲल्युमिनियमचे. प्लग तिरका चढला आणि पान्याने जोर लावला, तर हेडचे आटे कापले जातात. ते दुरुस्त करायला अनेकदा हेड उतरवावे लागते. म्हणून नवा प्लग सुरुवातीला हातानेच फिरवावा. खळगा खोल असेल तर प्लगच्या मागे रबरी नळीचा तुकडा लावावा. आटे जुळले नाहीत तर नळी हातात घसरते आणि चूक लगेच कळते. अडखळल्यास प्लग पूर्ण काढून पुन्हा लावावा.

प्लग हाताने टेकेपर्यंत बसला की मग पाना लावावा. टॉर्क पाना असेल तर मॅन्युअलमधील आकडा पाळावा. तो नसेल तर १४ मिलिमीटर आट्यांचा वायसरचा नवा प्लग साधारण अर्धा ते दोन तृतीयांश फेरा आवळतात. बिनवायसरच्या निमुळत्या बैठकीच्या प्लगला सुमारे एक सोळांश फेराच पुरतो. ‘थोडा अजून घट्ट’ करण्याचा मोह टाळावा. इरिडियम प्लगची फट ठोकून कमी-जास्त करू नये, नाजूक टोक तुटते.

जुना प्लग काय सांगतो?

टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर इंधन जास्त किंवा हवा कमी मिळत असावी, एअर फिल्टर आधी पाहावा. प्लग ऑइलने ओला असेल तर सिलिंडरमध्ये किंवा प्लगच्या खळग्यात ऑइल गळत असू शकते. टोक पांढरे पडून फोड आले असतील तर ते अति तापल्याचे लक्षण. शेवटच्या दोन प्रकारांत नवे प्लग टाकून दुखणे जात नाही.

कधी मेकॅनिककडेच जावे?

इनटेक मॅनिफोल्ड काढल्याशिवाय प्लग दिसतच नसतील, गाडी हायब्रिड असेल किंवा वॉरंटीत असेल, तर काम सर्व्हिस सेंटरवर सोपवावे. जुना प्लग जाम झाला असेल तरी तिथेच थांबावे. तो आत तुटला तर काढणे अवघड होते. काम झाल्यावर इंजिन थरथरत असेल तर आधी कॉइलचे कनेक्टर तपासावेत. बहुतेक वेळा एखादा नीट बसलेला नसतो.