तीन दारे, तीन वह्या आणि एकच उत्तर

समजा, तुमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन भरले आहे. सभागृहाला तीन दारे आहेत. आत किती प्रेक्षक आले हे मोजण्याचे काम नंदा, सुरेश आणि सलीम या तिघांकडे आहे. प्रत्येकाच्या हाती एक वही आहे. दारे एकमेकांपासून दूर आहेत, त्यामुळे दर वेळी धावत जाऊन विचारणे शक्य नाही. मधूनमधून एखादा स्वयंसेवक चिठ्ठी नेतो, एवढाच काय तो संपर्क.

तिघांच्याही वहीत १०० हा आकडा आहे. आता नंदाच्या दाराने तिघे आले. तिने १०३ लिहिले. त्याच वेळी सुरेशच्या दाराने दोघे आले. त्याने १०२ लिहिले. मग चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. आता कोणता आकडा खरा मानायचा? सुरेशची चिठ्ठी नंतर आली म्हणून १०२ धरले, तर तिघे प्रेक्षक नाहीसे झाले. मोठा आकडा म्हणून १०३ धरला, तर दोघे नाहीसे झाले. दोन्हींची बेरीज केली, तर २०५! आले आहेत मात्र १०५.

संगणकांपुढे नेमकी हीच अडचण उभी राहते. मोठ्या माहितीसाठ्याच्या प्रती निरनिराळ्या गावांतील, कधी निरनिराळ्या खंडांतील संगणकांवर ठेवलेल्या असतात. एक संगणक बंद पडला तरी काम थांबू नये, हा त्यामागचा हेतू. पण संगणकांमधील संपर्क तुटला तर? एरिक ब्रूअर या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने २००० साली असे मत मांडले की, अशा वेळी दोनपैकी एकच गोष्ट साधता येते. एक तर सर्व प्रती एकसारख्या राहाव्यात म्हणून काही जणांना ‘थांबा’ म्हणायचे, नाही तर सर्वांचे काम चालू ठेवून प्रतींमधील तात्पुरता फरक सोसायचा. सेठ गिल्बर्ट आणि नॅन्सी लिंच यांनी २००२ साली याची गणिती सिद्धता दिली.

दुसरा मार्ग धरला, तर संपर्क परत आल्यावर सर्व प्रती पुन्हा एकमताच्या कशा करायच्या? पंच न नेमता हे साधता येईल का?

पुन्हा प्रदर्शनाकडे वळू. प्रत्येक वहीत एका आकड्याऐवजी तीन रकाने आखा: नंदा, सुरेश, सलीम. नियम एकच. प्रत्येकाने फक्त आपल्याच रकान्यात भर घालायची. दुसऱ्याच्या रकान्याला हात लावायचा नाही. सुरुवातीला तिन्ही वह्यांत ४०, ३५, २५ असे आकडे होते. नंदाची वही आता ४३, ३५, २५ अशी झाली आणि सुरेशची ४०, ३७, २५ अशी. चिठ्ठी आली की प्रत्येक रकान्यातील दोन आकड्यांपैकी मोठा तो ठेवायचा. ४३, ३७, २५ असे उत्तर मिळते. बेरीज करा: १०५. एकही प्रेक्षक हरवला नाही!

ही युक्ती का चालते? ‘दोहोंतील मोठी संख्या घेणे’ या क्रियेला तीन गुणधर्म आहेत. पहिले दोन तुम्ही वर्गात शिकला आहात. क्रमनिरपेक्षता: कोणाची चिठ्ठी आधी आली याने फरक पडत नाही. साहचर्य: आधी कोणत्या दोघांनी वह्या जुळवल्या याने फरक पडत नाही. तिसरा गुणधर्म असा की, तीच चिठ्ठी दोनदा आली तरी उत्तर बदलत नाही. बेरजेला पहिले दोन गुणधर्म आहेत, पण तिसरा नाही, कारण ४ आणि ४ मिळून ८ होतात. लसावि काढण्याच्या क्रियेला मात्र तिन्ही आहेत. ४ आणि ४ यांचा लसावि ४च येतो. दोन संचांचा संयोग घेण्याच्या क्रियेलाही तिन्ही आहेत.

संगणकांच्या जाळ्यात निरोप उशिरा येतात, उलटसुलट क्रमाने येतात, कधी दोनदाही येतात. या तीन गुणधर्मांपुढे ही तिन्ही संकटे निष्प्रभ ठरतात. मार्क शापिरो, नुनो प्रेगिसा, कार्लोस बाकेरो आणि मारेक झाविर्स्की या चौघांनी २०११ साली या विचाराला काटेकोर रूप दिले. अशा रचनांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सी.आर.डी.टी.’ म्हणतात. संघर्षाविना जुळणाऱ्या प्रतींचे माहितीप्रकार, असा त्याचा अर्थ.

प्रेक्षक बाहेरही जातात, त्यांचे काय? त्यांच्यासाठी आणखी तीन रकाने आखा आणि शेवटी वजाबाकी करा. एवढे सोपे आहे. यादीतून वस्तू काढून टाकणे मात्र तितके सोपे नाही. ॲमेझॉन कंपनीच्या संशोधकांनी २००७ साली आपल्या ‘डायनॅमो’ या माहितीसाठ्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात खरेदीच्या टोपलीच्या दोन प्रती जुळवताना टाकलेली वस्तू हरवत नसे, पण काढून टाकलेली वस्तू कधी कधी परत येई. कारण उघड आहे. एका प्रतीत साबण आहे, दुसरीत नाही. तो काढला गेला की तिथे अजून पोचलाच नाही, हे नुसत्या संयोगाला कसे कळावे? यावर उपाय असा. प्रत्येक वेळी वस्तू टाकताना तिला नवा क्रमांक द्यायचा. काढताना ‘साबण काढा’ असे न म्हणता ‘मी पाहिलेला अमुक क्रमांकाचा साबण काढा’ असे म्हणायचे. त्याच वेळी दुसऱ्या कोणी नव्या क्रमांकाने साबण टाकला असेल, तर तो शाबूत राहतो.

‘रिॲक’ नावाच्या माहितीसाठ्याच्या २०१४ सालच्या २.० या आवृत्तीत असे गणक, संच आणि कोष्टके तयार मिळू लागली. तरीही माहितीसाठ्याशी बोलणाऱ्या आज्ञावलीला, म्हणजे ‘क्लायंट’ला, काही पथ्ये पाळावी लागतात. ‘एकूण १०३ लिही’ असे न सांगता ‘३ वाढव’ असे सांगायचे. संचातून काही काढण्यापूर्वी तो संच वाचून घ्यायचा. आणि सर्वांत फसवे पथ्य हे: ‘३ वाढव’ असे सांगितले आणि पोच आलीच नाही, तर तेच पुन्हा सांगावे का? पहिला निरोप पोचून फक्त पोच हरवली असेल, तर ६ वाढतील! प्रतींची जुळणी दोनदा झाली तर बिघडत नाही, पण हुकूम दोनदा दिला तर बिघडते. म्हणून जिथे अचूक मोजणी हवी, तिथे प्रत्येक प्रेक्षकाच्या तिकिटाचा क्रमांक संचात टाकावा आणि संचातील घटक मोजावेत. तोच क्रमांक दहा वेळा टाकला तरी संच बदलत नाही.

या युक्तीने सर्व प्रश्न सुटतात असे मात्र समजू नका. एस.टी.च्या गाडीत शेवटची एकच जागा उरली आहे आणि संपर्क तुटलेल्या दोन खिडक्यांवर दोन प्रवासी उभे आहेत. दोघांनाही तिकीट दिले, तर वह्या नंतर कितीही छान जुळोत, बसायला जागा एकच! अशा ठिकाणी आधी विचारणे आणि वाट पाहणे भागच आहे. कुठे थांबायचे आणि कुठे पुढे जायचे, हे ओळखणे हेच आज्ञावली लिहिणाऱ्याचे खरे कौशल्य.

आता तुम्ही तिघे मित्र हा प्रयोग करून पाहा. चिठ्ठ्या पिसा, एखादी दोनदा द्या, एखादी उशिरा द्या. शेवटी तिन्ही वह्या जुळतात की नाही ते तपासा. मग या प्रश्नाचा विचार करा: नंदाची वही हरवली आणि ती कोऱ्या वहीत आपल्याच रकान्यात पुन्हा शून्यापासून मोजू लागली, तर काय होईल? आणि त्यावर उपाय कोणता?