शेवटची दोन नावे

परदेशी दौऱ्यासाठी क्रिकेटचा राष्ट्रीय संघ निवडण्याचे काम मुंबईत, नियामक मंडळाच्या कचेरीत, बंद दारांआड पाच माणसे करतात हे जगजाहीर आहे. परंतु तेच काम, त्याच दिवशी आणि मानधनाचा छदामही न घेता इंदापूर तालुक्यातल्या आमच्या शेळगावीही चालते, आणि ते मात्र ओसरीच्या कडेला टेकून कोणालाही पाहता येते. 24 मे 2025 रोजी इंग्लंडच्या दौऱ्याची फर्द जाहीर व्हायची होती. मे महिना असूनही आभाळ गच्च भरलेले होते, उसाची खुरपणी आणि डाळिंबाची फवारणी दोन्ही पावसाने तहकूब केलेल्या, आणि त्यामुळे एरवी चार टाळकी जमतात तिथे सोसायटीच्या ओसरीवर त्या दिवशी दाटीवाटीने माणसे बसली होती. मध्यभागी अर्थातच गुरुजी. सेवानिवृत्तीनंतर त्यांनी जी काही दप्तरे घरी जपली आहेत, त्यांत लाल कापडी बांधणीची एक वही आहे, आणि तिच्यात प्रत्येक दौऱ्याचा संघ, निवड समितीने तो जाहीर करण्याच्या आधीच, त्यांच्या वळणदार अक्षरात नोंदला जातो.

या वहीतले रकाने मी जवळ बसून पाहिले आहेत. पहिला नावाचा, दुसरा फलंदाजीच्या क्रमांकाचा. तिसऱ्याचे शीर्षक ‘कोणाच्या जागी’ असे आहे, आणि तो भरल्याखेरीज कोणत्याही राखीव फलंदाजाचे नाव कायम करायचे नाही असा गुरुजींचा दंडक आहे. अमुक एक चांगला खेळतो, सबब त्याला घ्या, ही शिफारस त्यांच्या दरबारात तत्काळ नामंजूर होते. चांगला खेळतो हे ठीक; पण कोणाचे बोट मोडले, कोणाचा गुडघा दुखावला, कोणाची नजर बसली नाही, म्हणजे याने मैदानात उतरायचे, ते आधी सांगा. राखीव फलंदाजाची निवड ही गुणवत्तेच्या उतरंडीतली पुढची पायरी नसून अद्याप न घडलेल्या एखाद्या अपघाताची तजवीज असते, हे तत्त्व त्या रकान्याने जितक्या स्वच्छपणे मांडले आहे तितके मी कोणा समालोचकाच्या तोंडून ऐकलेले नाही.

यशस्वी जैस्वाल, राहुल, गिल, पंत, जडेजा ही नावे पहिला चहा येण्यापूर्वीच मुक्रर झाली. खरी मसलत त्यानंतरची. रोहित शर्माने 7 मे रोजी आणि विराट कोहलीने 12 मे रोजी कसोटीतून निवृत्ती पत्करल्यामुळे तिसऱ्या रकान्यात एक विलक्षण पेच उभा राहिला होता: ज्यांच्या जागी म्हणून राखीव माणूस न्यायचा, ते मूळ मालकच राहिले नव्हते. तेव्हा नवा साई सुदर्शन राखीव म्हणावा की कायम, आणि विदर्भाचा करुण नायर चौथ्या क्रमांकाचा हक्कदार की केवळ उमेदवार, यावर बराच काळ खल चालला. तात्या विदर्भाच्या बाजूने हिरिरीने उतरले. त्याच मोसमात विदर्भाने नागपूरला केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर रणजी करंडक जिंकला होता, त्या अंतिम सामन्यात करुणने 86 आणि 135 धावा केल्या होत्या, आणि तात्यांना हे आकडे आपल्या उसाच्या बिलापेक्षा अधिक अचूक पाठ होते. “अवो गुरुजी, 2016 ला चेन्नईत तीनशे केल्यात त्यानं इंग्लंडच्या उरावर. आणखी काय करायचं मानसानं?” गुरुजींनी चष्मा सारखा केला आणि 2018 चा इंग्लंड दौरा काढला. त्या दौऱ्यात करुण आरंभापासून संघासोबत होता. शेवटच्या दोन कसोटींसाठी हनुमा विहारीला मागाहून बोलावले गेले, आणि ओव्हलवर जागा रिकामी झाली तेव्हा पदार्पण विहारीने केले. जो महिनोन्‌महिने ओसरीवर बसला होता तो तिथेच राहिला, पाहुणा मात्र आत जाऊन जेवला.

या प्रकरणात मला जो अन्याय दिसतो तो समितीच्या कोणा एका सभासदाचा नाही, पद्धतीचा आहे. पूर्वी दौऱ्यावर दोन कसोटींच्या मध्ये प्रांतांशी, परगण्यांशी, बेटांशी सामने होत, आणि अकरांत नसलेल्या माणसालाही हातात बॅट घेऊन उन्हात उभे राहण्याची संधी मिळे. आता असे सामने जवळजवळ लुप्त झाल्याने राखीव फलंदाजाच्या वाट्याला सरावाची जाळी, पाण्याच्या बाटल्या आणि बदली क्षेत्ररक्षकाची धावपळ तेवढी उरते. आणि पुढच्या निवडीच्या वेळी त्याच्या नावापुढे धावाच नसल्यामुळे तो मागे पडतो. मुंबईच्या सर्फराज खानचे उदाहरण ताजेच होते. ऑक्टोबर 2024 मध्ये बंगळुरूला न्यूझीलंडविरुद्ध त्याने दीडशे धावा काढल्या, पाठोपाठच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पाचही कसोटी तो बाहेर बसला, आणि न खेळलेल्या त्या पाच सामन्यांनंतर इंग्लंडच्या फर्दीतून त्याचे नाव गळाले.

म्हणूनच माझे मत असे आहे, आणि ते मी त्या दिवशी ओसरीवर मांडलेही, की राखीव म्हणून न्यायचा तो पक्व, पोळलेला, एकदा वगळला जाऊन परतलेला माणूस न्यावा. विशीतल्या होतकरू पोराला जाळीत कुजवण्यापेक्षा घरच्या मैदानांवर खेळू द्यावे. माझा आधार 1971 चा होता.

त्या वर्षीच्या वेस्ट इंडीज दौऱ्याच्या वेळी निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपल्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी अजित वाडेकरांना कर्णधारपद दिले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्याच 16 जणांच्या संघातील एका नावाची हकिकत मात्र त्या मानाने झाकोळली गेली. मडगावात जन्मलेले, मुंबईकडून खेळणारे दिलीप सरदेसाई तेव्हा तिशीत पोचले होते, आणि त्यांची कारकीर्द संपल्यात जमा आहे असेच बहुतेकांचे अनुमान होते. वाडेकरांनी आग्रह धरला म्हणून त्यांची वर्णी लागली. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीपूर्वी विश्वनाथ जायबंदी झाला, गावसकरचे बोट नखाशी पिकले, आणि फलंदाजीची रचना कोलमडली. पहिला दिवस पावसात गेला. दुसऱ्या दिवशी भारताची अवस्था 5 बाद 75. तेथून सरदेसाईंनी 212 धावा उभ्या केल्या, एकनाथ सोलकरसमवेत 137 आणि नवव्या गड्यासाठी प्रसन्नासमवेत 122 धावांची भर घातली. भारताच्या 387 धावांना वेस्ट इंडीजने 217 धावांचे उत्तर दिल्यावर वाडेकर सोबर्सच्या खोलीत जाऊन फॉलोऑन देत असल्याचे सांगून आले. सामना चार दिवसांचा उरल्याने दीडशेची आघाडीही त्यासाठी पुरेशी होती, आणि ही तर 170 ची होती. सामना अनिर्णित राहिला खरा. पण पुढे पोर्ट ऑफ स्पेनला 112, ब्रिजटाउनला 150, आणि मालिकेत एकूण 642 धावा, असा त्या नाइलाजाने घेतलेल्या गृहस्थाचा हिशेब झाला. गावसकरच्या 774 धावांच्या झगमगाटात तो थोडा मागे राहिला इतकेच. पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी आणि तिच्याबरोबर मालिका भारताने जिंकली.

गुरुजींनी माझे सर्व ऐकून घेतले. 1971 साली ते वालचंदनगरच्या शाळेत शिकत होते, आणि त्या दौऱ्याच्या बातम्या त्यांनी शिळ्या वर्तमानपत्रांतून, पण ताज्या उत्साहाने वाचल्या होत्या. “तुम्ही सरदेसाई सांगितलात, जयंतीलाल नाही सांगितला,” ते म्हणाले. आणि ते खरेच होते. गावसकरचे ते बोट ज्या दुसऱ्या माणसाच्या पथ्यावर पडले तो हैदराबादचा सलामीवीर केनिया जयंतीलाल. किंग्स्टनला तो एकदाच फलंदाजीला गेला, 5 धावांवर स्लिपमध्ये सोबर्सने त्याचा झेल घेतला, पुढच्या कसोटीत बरा झालेला गावसकर त्याच्या जागी आला, आणि जयंतीलालला दुसरी कसोटी कधीच मिळाली नाही. त्याचे वय तेव्हा 23. गुरुजींचे म्हणणे असे की माझा नियम जयंतीलालपुरता खरा ठरतो, पण तिशीतला प्रत्येक परतलेला माणूस सरदेसाई निघेल अशी हमी कोण देणार?

हा वाद रंगात असतानाच कोणाच्या तरी मोबाइलवर अजित आगरकरांची वार्ताहर परिषद सुरू झाली. 18 नावे. सुदर्शन आत, करुण आत, राखीव यष्टिरक्षक आणि मधल्या फळीचा आधार अशी दुहेरी सोय म्हणून ध्रुव जुरेल आत, आणि सलामीचा राखीव म्हणून बंगालचा अभिमन्यु ईश्वरन. या शेवटच्या नावावर पोरांनी कुरकुर केली, कारण पुण्याचा ऋतुराज गायकवाड त्यांना घरचा. गुरुजींनी वही मागे उलटून दाखवली: डिसेंबर 2023 च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात ऋतुराजचे बोट दुखावले तेव्हा त्याच्या जागी पाठवला गेला तो हाच ईश्वरन. प्रथम श्रेणीत सात हजारांहून अधिक धावा, 2021 च्या इंग्लंड दौऱ्यातही राखीव, आणि अद्याप एकही कसोटी नाही. गुरुजींनी त्याच्यासमोर तिसऱ्या रकान्यात ‘जैस्वाल किंवा राहुल’ असे लिहिले आणि सभा बरखास्त झाली. दुसऱ्या दिवशी बारामतीकडे पावसाने असे काही झोडपले की पिंपळी-लिमटेकजवळ निरा डावा कालवा फुटला, आणि पुढे कित्येक दिवस ओसरीवर क्रिकेटचे नाव निघाले नाही.

ऑगस्टच्या आरंभी, ओव्हलची कसोटी 6 धावांनी जिंकून मालिका बरोबरीत सुटल्यावर, वही पुन्हा बाहेर आली. करुणला चार कसोटी मिळाल्या आणि एकच अर्धशतक, ओव्हलवरचे 57; तेव्हा माझ्या सिद्धांताला गुरुजींनी ‘अनिर्णित’ असा शेरा मारला. पंतचे पाऊल मँचेस्टरला मोडले आणि जुरेलचा रकाना कामी आला. ईश्वरन पाचही कसोटी बाहेर बसला.

“मग त्येचं चुकलं काय?” तात्यांनी विचारले.

“काही नाही. राहुल आणि जैस्वाल दोघेही धडधाकट राहिले.”

सप्टेंबरमध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या मायदेशी मालिकेचा संघ जाहीर झाला. त्यात ईश्वरन नव्हता, करुणही नव्हता. देवदत्त पडिक्कल होता. पोरे टाळ्या पिटू लागली तशी गुरुजींनी पेनाचे टोपण काढले आणि विचारले, “पण कोणाच्या जागी?” मग पुन्हा चहा सांगण्यात आला.