सरकार बदललं तर ‘अग्निवीर’ रद्द होणार काय?

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या घरी हा प्रश्न हमखास निघतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच, त्यामुळे खानापूरपासून चंदगडपर्यंत तो घरचाच प्रश्न आहे.

अग्निपथ योजना संसदेत कायदा करून आलेली नाही. १४ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि भरतीचा नियम बदलला. चार वर्षे नोकरी, नंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम. बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी, पेन्शन नाही. कोर्टानेही २०२३ मध्ये योजना वैध ठरवली. म्हणजे मंत्रिमंडळाने आणलेली योजना मंत्रिमंडळच बदलू शकतं, आणि पक्षांचं वजन तिथेच लागतं.

२०२४ च्या जाहीरनाम्यात काँग्रेसने योजना रद्द करू असं लिहिलं. भाजपला एकट्याचं बहुमत मिळालं नाही, तेव्हा मित्रपक्ष जदयूनेही फेरविचार मागितला. योजना हलली नाही. पण २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, गुजरात अशा भाजपशासित राज्यांनी पोलिस भरतीत अग्निवीरांना आरक्षण किंवा प्राधान्य जाहीर केलं. मतपेटीचा परिणाम झाला, तो असा आडवाटेने.

आश्वासन आणि आदेश यात किती अंतर पडतं, ते ‘वन रँक वन पेन्शन’ने दाखवलंय. निवडणूक तोंडावर होती तेव्हा, फेब्रुवारी २०१४ मध्ये, यूपीए सरकारने ५०० कोटी ठेवले. भाजपनेही वचन दिलं. ५ सप्टेंबर २०१५ ला घोषणा केली ती संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी, आपल्या शेजारच्या गोव्याच्या माणसाने. माजी सैनिकांना दरवर्षी फेरआढावा हवा होता, मिळाला पाच वर्षांनी एकदा.

आता हिशेब बघा. २०२२-२३ च्या ५.२५ लाख कोटींच्या संरक्षण बजेटमध्ये सुमारे १.१९ लाख कोटी नुसते पेन्शनचे. जुनी भरती परत आणू म्हणणाऱ्याने हा पैसा कुठून आणणार ते सांगायला हवं, आणि चार वर्षांत घरी पाठवणाऱ्याने त्या पोराच्या पुढच्या तीस वर्षांचं सांगायला हवं. सभेत दोघंही ते टाळतात.

पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. २५ टक्क्यांचा आकडा वाढवायचा का, याचा निर्णय दिल्लीतच होणार. मत मागायला येणाऱ्या खासदाराला तेवढं एकच विचारा.