लाकडी लगद्याने अडवलेला तडा

बर्फाच्या लादीवर हातोडी मारली की पहिला तडा आरपार जातो, कारण त्याला वाटेत अडवणारं काही नसतं. त्याच पाण्यात गोठण्यापूर्वी वजनाने सुमारे १४ टक्के लाकडाचा लगदा किंवा भुसा मिसळला, तर तडा प्रत्येक धाग्यापाशी अडखळतो, वळतो, दमतो. मातीच्या भिंतीत पेंढा मिसळणाऱ्यांना हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. असा बर्फ वजनास वजन काँक्रीटच्या तोडीचा भरतो. शिवाय वरचा थर वितळला की मागे उरलेला ओला लगदा आतल्या बर्फाचं उष्णतेपासून रक्षण करतो.

या बर्फाला ‘पायक्रीट’ म्हणतात, ते जेफ्री पाइक यांच्या नावावरून. दुसऱ्या महायुद्धात पोलादाची टंचाई होती आणि अटलांटिकच्या मध्यापर्यंत विमानांचा पल्ला पोहोचत नव्हता, म्हणून १९४२ मध्ये त्यांनी बर्फाची विमानवाहू नौका सुचवली. लगद्याचं मिश्रण सापडलं अमेरिकेत, ब्रुकलिनमध्ये, हर्मन मार्क यांच्याकडे. त्याच्या चाचण्या लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजाराखालच्या शीतगृहात मॅक्स पेरुट्झ यांनी केल्या. हिमनद्यांचे अभ्यासक असलेल्या पेरुट्झ यांना १९४० मध्ये ‘शत्रुराष्ट्राचा नागरिक’ म्हणून ब्रिटनने कैदेत टाकलं होतं. आता त्याच ब्रिटनला त्यांचं ज्ञान हवं होतं. पुढे १९६२ मध्ये हिमोग्लोबिनच्या रचनेसाठी त्यांना नोबेल मिळालं, पण मला त्यांचं हे थंडीतलं काम तितकंच मोलाचं वाटतं. कारण योजनेचा खरा अडथळा त्यातूनच पुढे आला.

बर्फ फुटत नव्हता, पण वाहत होता. हिमनदी स्वतःच्या वजनाने सरकते, तसाच सततच्या भाराखाली पायक्रीटही हळूहळू वाकतो. धागे तडा थांबवतात, हे वाहणं पुरेसं थांबवत नाहीत. त्यासाठी अख्खी नौका उणे १५ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवावी लागणार होती, म्हणजे आत प्रचंड शीतयंत्रणा आणि तिच्या नळ्यांचं जाळं. १९४३ मध्ये कॅनडातल्या जॅस्पर राष्ट्रीय उद्यानातील पॅट्रिशिया तलावात सुमारे १८ मीटर लांबीचा नमुना तरंगवला गेला. पण खर्च वाढत गेला, विमानांचा पल्लाही वाढला आणि योजना बंद पडली.

नौकेसाठी चुकीचं ठरलेलं हे साहित्य इमारतीसाठी मात्र चालतं, अट एवढीच की थंडी फुकट मिळायला हवी. २०१४ मध्ये फिनलंडमधल्या युका इथे आइंडहोवेन तंत्रज्ञान विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी हवा भरलेल्या फुग्यावर पाणी आणि लाकडी तंतूंचं मिश्रण फवारून थरावर थर गोठवले, मग फुगा काढून घेतला. सुमारे ३० मीटर व्यासाचा घुमट उभा राहिला.