जपान सोडताना सामान घरी कसं पाठवायचं?

परवा टोकियोत एका नवख्या पुणेकर मुलीने विचारलं, "दादा, इथे पोस्ट ऑफिस ओळखायचं कसं?"

सोपं आहे. इंग्रजी टी अक्षरावर आणखी एक आडवी रेघ, लाल रंगात. १८८७पासून हीच खूण. नकाशातही तीच दिसते. मोठ्या पोस्टात 'युयु' नावाची खिडकी असते, ती बाकीचे काउंटर बंद झाल्यावरही बरेचदा उघडी असते.

घाईचं असेल तर ईएमएस, पण खिसा रिकामा होतो. पुस्तकं, भांडी, थंडीचे कपडे यांना 'फुनाबिन', म्हणजे बोटीचं टपाल. दोन-तीन महिने धरून चाला. माझी पातेली निवांत आली, एकाला पोचा पडला होता. भांड्यांत मोजे कोंबायला हवे होते!

लेबलची माहिती घरूनच मोबाइलवर भरा. यादीत नुसतं 'गिफ्ट' चालत नाही. 'सुती शर्ट, ३ नग, किंमत अमुक' असं हवं. मी इमानदारीत 'पॉवर बँक' लिहिलं, तर काउंटरवरच्या बाईंनी हसत हातांची फुली केली. खोकं तिथेच उघडावं लागलं. अत्तर, स्प्रेसुद्धा नाही.

आणि घरीच वजन करा. खोकं कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजन वजा!

काही अडलं तर खाली विचारा.